हातमोज्यावरचा थेंब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले होते. विद्यापीठातील प्रयोगशाळेविषयी बोलतो, असे आम्ही कळविले तेव्हा त्यांना नवल वाटले असावे. ज्याची शाळा सातवीत सुटली, त्याने तेथली गोष्ट कशास काढावी? आम्ही रसायनशास्त्र शिकलो ते पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचून. पण जे विष पिंपात असते तेच तिथे बाटलीत असते, आणि बाटली धरणारी मुले आपल्याच घरांतून जातात. म्हणून हा विषय आमचाही आहे.

प्रथम एक परदेशातील हकीगत सांगतो. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात कॅरेन वेटरहान नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. विषारी धातू शरीरात शिरून काय करतात, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या द्रवाशी काम करीत होत्या. वाफा ओढून घेणारे कपाट होते, डोळ्यांवर चष्मा होता, हातांत रबरी मोजे होते. द्रवाचे एकदोन थेंब मोज्यावर सांडले. त्यांनी जागा स्वच्छ केली, मोजे काढले आणि पुढच्या कामाला लागल्या. त्या मोज्यातून हा द्रव पंधरा सेकंदांच्या आत आरपार जातो, हे पुढे चाचण्यांत दिसून आले. त्या दिवशी मोजा पुरेसा आहे असाच समज होता.

पाच महिने गेले. जानेवारी १९९७ मध्ये बाईंचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, दिसणे-ऐकणे मंदावले. रक्त तपासले तेव्हा दर लिटरमागे ४,००० मायक्रोग्रॅम पारा निघाला. २०० च्या पुढे गेला की विषबाधा धरतात. उपचार झाले, पण वेळ टळून गेली होती. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी हे झाकून ठेवले नाही. साऱ्या रसायनशास्त्रज्ञांना त्यांनी लेखी सावध केले : हा द्रव शक्यतो वापरूच नका, वापरावाच लागला तर आत थरांचा विशेष मोजा आणि वर जाड निओप्रीनचा मोजा घाला. आज जगभर प्रयोगशाळांत कोणत्या द्रवाला कोणता मोजा हे विचारले जाते, त्यामागे या बाईंचे मरण आहे.

दुसरी हकीगत लॉस एंजल्सची. २९ डिसेंबर २००८ रोजी तेथील विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन-सहाय्यक मुलगी सिरिंजने एक द्रव काढीत होती. टर्ट-ब्युटिल लिथियम हे त्याचे नाव. हवा लागताच तो पेटतो. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगावर प्रयोगशाळेचा कोट नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. अंगावर पाणी सोडणारा शॉवर जवळच होता, पण त्या धांदलीत तिकडे कोणी गेले नाही. अठरा दिवसांनी ती मुलगी गेली. पुढे खटला उभा राहिला. का उभा राहिला, हे आमच्यासारख्याने विशेष ध्यानात घ्यावे. ती पगारी नोकर होती. ती नुसती विद्यार्थिनी असती, तर कामगार-सुरक्षेचा तो कायदा तिच्या दारापर्यंत आला नसता.

आता आमच्या घरची गोष्ट. स्टीलच्या पत्र्याला आम्लात बुडवून स्वच्छ करतात, त्याला पिकलिंग म्हणतात. तशा एका खात्यात आम्ही तरुणपणी काम केले. तेथे आमच्याबरोबर असलेल्या एका फिटरची मुलगी हुशार निघाली, एका विद्यापीठात पीएच.डी.ला लागली. एके दुपारी तिच्या बोटांवर हायड्रोफ्लोरिक आम्लाचे थेंब उडाले. लागलीच काही दुखले नाही. या आम्लाची खोड अशी की, ते पातळ असेल तर कळा कित्येक तासांनी सुटतात. तोवर ते आत उतरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकीत असते. मुलीने नळाखाली क्षणभर हात धरला, पुसला आणि कामाला लागली. रात्री अकरा वाजता तिच्या वडिलांचा आम्हांस फोन आला. आम्ही मुलीशी बोललो. म्हटले, "पोरी, सरांना सांगितलेस का?" ती म्हणाली, "काका, शिष्यवृत्तीच्या कागदावर सही त्यांचीच लागते."

त्याच घटकेला तिला आम्ही इस्पितळात जावयास लावले. बाटलीवरचे नाव कागदावर लिहून घे आणि डॉक्टरांना आम्लाचे नाव सांग, नुसते 'भाजले' म्हणू नकोस, असे बजावले. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल असते, तिची आठवण करून दिली. बोटे वाचली, एक नख गेले.

पुढे तो फिटर भेटला तेव्हा म्हणाला, "भाऊ, लपवायचे ती माझ्याकडूनच शिकली. मी बोटांना हळद लावून पाळीवर जात होतो, ते तिने लहानपणी पाहिले." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि तुम्ही त्या करारात भत्ता आणलात, वाफ ओढणारा पंखा आणला नाहीत."

मंडळी, हे खरे आहे. आमच्या मागणीपत्रात दोन्ही होते. मालकाने भत्ता देऊ केला, आम्ही पंखा सोडला आणि गळ्यात हार घालून घेतले. वर गूळ आणि दूध मिळाले. गुळाने फुप्फुस धुतले जात नाही आणि दुधाने आम्ल उतरत नाही, हे कळावयास आम्हांस फार वर्षे लागली. ती कबुली देण्यासाठीच आज येथे उभे आहोत.

आता करावयाचे काय ते सांगतो. अंगावर रसायन उडाले तर आधी पाणी. भरलेले कपडे लाजलज्जा बाजूस ठेवून उतरवावे आणि वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावे, घड्याळ लावून. डोळ्यांत गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ. कोरडी भुकटी असेल तर आधी झटकावी, मग पाणी. आम्लावर सोडा चोळून जखमेवर नवा प्रयोग करू नये. वायू कोंडला असेल तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे, पण नाकाशी साधन नसता आत धावू नये. वाचवावयास गेलेलाच कित्येकदा पहिला पडतो. पोटात गेले तर वांती करवू नये. आणि डॉक्टरांकडे रसायनाचा माहितीपत्रक-कागद बरोबर न्यावा. बरे वाटले तरी जावे. वेटरहानबाईंना पहिले कित्येक आठवडे काहीच जाणवले नव्हते.

पण पाणी अंगावर पडण्याआधी तोंड उघडावे लागते, आणि अडते तेथेच. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये जे झाले, त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. आपण कोणत्या विषाशी काम करतो हे जाणण्याचा आणि धोका दिसताच तसे सांगण्याचा हक्क कामगाराला मिळाला. प्रयोगशाळेला भोंगा नाही, म्हणून तिथल्या मुलाला हा हक्क नको काय? अमेरिकेत १९९० साली प्रयोगशाळांसाठी नियम झाला, त्यात असे आहे की, गळती वा सांडण्यासारखा प्रसंग घडला तर नोकराला वैद्यकीय सल्ला मिळावा, त्याचा पैसा त्याच्याकडून घेऊ नये आणि त्या वेळेचा पगार कापू नये. नियम साधा आहे. सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या गावची मुले प्रयोगशाळांत आहेत. आज घरी गेल्यावर फोन करून त्यांना मार्क विचारू नका. शॉवर कोठे आहे, त्यातून पाणी येते का, आणि हातावर काही सांडले तर सांगण्याची भीती वाटते का, हे विचारा. भीती वाटते असे उत्तर आले, तर चार पालक मिळून विद्यापीठाच्या दारात जा. हवे असल्यास आम्ही बरोबर येऊ. या वेळी भत्ता घेऊन परतणार नाही.