सरळ न जाणारा रोबो



मुलांसाठी रोबो बनवायचा संच आणायचा ठरला की पालक विचारतात, ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ मी सांगतो, ज्यात कमीत कमी गोष्टी आधीच जोडलेल्या आहेत, तो घ्या. खोका उघडला, चार स्क्रू पिळले, मोबाइलवर बोट टेकवलं आणि गाडी धावली, तर मुलाला एक छान खेळणं मिळालं. त्यात वाईट काही नाही. पण मुलाने स्वतः विचार करायचा, तो विचार यंत्राला सांगायचा आणि यंत्राने भलतंच केलं की कारण शोधायचं, हे सगळं त्यात राहून जातं. माझ्या मते रोबो करायचा तो त्यासाठीच.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दीड हजार रुपयांच्या आसपास सगळे सुटे भाग मिळतात. अ‍ॅक्रिलिकचा सांगाडा, पिवळ्या रंगाच्या दोन बीओ मोटरी, त्यांची चाकं, पुढे टेकायला एक कॅस्टर, आर्डुइनो उनो बोर्ड, एल२९८एन नावाचा मोटर ड्रायव्हर, सेलचा डबा आणि रंगीबेरंगी जंपर वायरी. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत तयार झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून तो मुलांच्या हातात शोभतो.

मुलं लगेच विचारतात, मोटर थेट बोर्डाला का जोडायची नाही? या प्रश्नाला ‘जळेल’ एवढंच उत्तर देऊन पुढे जाऊ नका. बोर्डाच्या एका पिनेतून सुमारे २० मिलिअ‍ॅम्पिअरच वीज बिनधोक घेता येते. एलईडी पेटवायला ती पुरते. ही छोटी मोटर मात्र मोकळी फिरतानाही त्याच्या कितीतरी पट वीज मागते, आणि चाक अडलं तर आणखी. म्हणून बोर्डाने नुसता हुकूम द्यायचा, आणि मोटरीला लागणारी वीज सेलमधून ड्रायव्हरमार्गे जाऊ द्यायची. एवढं पटलं की ड्रायव्हर कशाला, हे पुन्हा सांगावं लागत नाही. ग्राउंडची वायर जोडायची मात्र सगळ्यांचीच राहून जाते. बोर्डाचा आणि ड्रायव्हरचा ग्राउंड एकमेकांना जोडलेला नसला की सगळं ‘बरोबर’ असूनही चाक हलत नाही. अशा वेळी वर्गात मी शेजारच्या गटाची चालणारी गाडी समोर ठेवतो आणि दोन्हींतल्या वायरी एकेक करून ताडून बघायला लावतो.

गाडी चालायला लागते ती सरळ जात नाही, एका बाजूला ओढते. माझ्या दृष्टीने खरा वर्ग तिथे सुरू होतो. प्रोग्राममध्ये दोन्ही मोटरींना सारखाच वेग दिलेला असतो. मुलं पुन्हा पुन्हा वाचतात, चूक सापडत नाही, कारण प्रोग्राममध्ये चूक नसतेच. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन मोटरी सारख्या फिरत नाहीत. एकीचे गिअर जरा घट्ट, एकीचं चाक जरा तिरपं. बोर्ड सेकंदाला शेकडो वेळा वीज चालू-बंद करून मोटरीचा वेग ठरवतो आणि त्यासाठी ० ते २५५ मधला आकडा मागतो. मुलं डावीकडे १८० ठेवतात आणि उजवीकडचा आकडा थोडाथोडा बदलत जातात. हे आकडे पुस्तकात नसतात. प्रत्येक गाडीचे वेगळे निघतात, आणि ते ज्याच्या त्यानेच शोधायचे असतात.

त्यानंतर चौरस. पुढे जा, काटकोनात वळ, असं चारदा. गाडीला काटकोन कळत नाही, एक मोटर पुढे आणि दुसरी मागे किती वेळ फिरवायची एवढंच कळतं. समजा, ६०० मिलिसेकंदांत काटकोन जमला. चौरस सुबक झाला, टाळ्या पडल्या. तासाभराने तोच प्रोग्राम, तीच गाडी, आणि चौरसाची चौथी बाजू पहिलीला येऊन मिळतच नाही! ‘आम्ही काहीच बदललं नाही, सर!’ मुलं खरंच बोलत असतात. बदलला तो सेलचा दाब. तो उतरला, चाकं मंदावली, तेवढ्याच वेळात गाडी कमी वळली. फरशीवरून सतरंजीवर आणली तर आणखीच वेगळं. हुकूम तोच असला तरी जग तेच राहत नाही, हे सातवीतल्या मुलाला जमिनीवर गुडघे टेकून दिसतं. मग कोणीतरी विचारतं, चाक किती फिरलं हे गाडीलाच मोजता आलं तर? या प्रश्नाचं उत्तर एन्कोडर. पण प्रश्न मुलाकडून येईपर्यंत एन्कोडर कपाटातून बाहेर काढू नये, असं मला फार वाटतं.

जमिनीवर चालणाऱ्या यंत्रातून शिकवण्याची ही वाट सीमोर पेपर्ट यांनी रुळवली. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम करून ते अमेरिकेत आले आणि १९६७ साली वॉली फर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा त्यांनी घडवली. पुढे त्या भाषेच्या हुकमाने जमिनीवर चालत पेनाने रेघ ओढणारं यांत्रिक कासव आलं. कासव कसं वळेल हे कळत नसेल तर स्वतः कासव होऊन चालून बघ, असं पेपर्ट मुलांना सांगत. आमच्या वर्गातही संगणक उघडण्याआधी एक मूल रोबो होतं, बाकीचे हुकूम देतात. ‘वळ’ म्हटलं की ते जागच्या जागी गरगर फिरत राहतं, कारण थांब कोणी म्हटलेलं नसतं. पेपर्ट यांचं १९८० सालचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावं. लेगोने १९९८ साली आपल्या रोबो-संचाला हेच नाव दिलं.

रेघेवरून चालणाऱ्या गाडीची एक गोष्ट सांगतो. पांढऱ्या कार्डशीटवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची. गाडीखालचा सेन्सर अवरक्त किरण सोडतो. पांढऱ्यावरून ते परततात, काळ्यात जिरतात. सकाळी नीट चाललेली एक गाडी दुपारी खिडकीजवळ आली की रेघ सोडून पळायची. सेन्सरवरचा बारका स्क्रू फिरवून झाला, सेल बदलून झाले. मग एका मुलीच्या लक्षात आलं की काळ्या टेपवर असतानाही सेन्सरवरचा दिवा पांढऱ्यावर असल्यासारखाच दाखवतोय. तिने हाताने ऊन अडवलं, दिवा बदलला. उन्हातही अवरक्त किरण असतात हे मी तिला सांगण्याआधी तिने पुठ्ठ्याची पट्टी कापून सेन्सरभोवती कुंपण केलं होतं. उत्तर मला आधीपासून माहीत होतं. मी ते लगेच सांगून टाकलं असतं, तर पाच मिनिटं वाचली असती आणि तिचा शोध गेला असता.

मोठ्यांनी हात मागे बांधून उभं राहणं कठीण असतं. वायर चुकीच्या पिनेत दिसते, आपला हात आपोआप पुढे जातो. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की शिक्षकच प्रोग्राम लिहितात आणि मुलं पाहुण्यांपुढे पाठ केलेली माहिती म्हणतात. हे मी पाहिलं आहे आणि त्याने मला वाईट वाटतं. तसंच, किमती साहित्य मोडेल म्हणून ते कुलपात ठेवणाऱ्या शाळाही पाहिल्या आहेत. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे अनेक शाळांत असे संच पोचले. ते मुलांच्या हातांनी मळले पाहिजेत.

म्हणून शाळांना माझी विनंती आहे, संच घेताना जादा मोटरींचे पैसे धरा. बीओ मोटरीला वायर जोडायला तांब्याच्या दोन नाजूक पट्ट्या असतात. वायर ओढली गेली की त्या तुटतात आणि मोटर वाया जाते. वायर डाग देऊन जोडल्यावर ती मोटरीच्या अंगाशीच प्लास्टिकच्या पट्टीने आवळायला मुलांना शिकवा, म्हणजे ओढ पट्टीवर येईल. तरी काही मोटरी तुटतीलच. एका संचावर तिघांपेक्षा जास्त मुलं बसवू नका, चौथ्याला नुसतं बघत बसावं लागतं. आणि वर्ग संपताना गाड्या सोडवून डब्यात भरू नका. अर्धवट गाडी तशीच फळीवर राहू द्या, पुढच्या वेळी मुलांना तिथूनच सुरुवात करायची असते.