एकराने घेतलेली, गुंठ्याने विकलेली

(एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



‘गावची जमीन आणि आपण’ हा विषय संयोजकांनी सुचविला, तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. पत्रकाराने इतरांच्या व्यवहारांवर बोलावे हे सोपे असते. या विषयात मात्र माझाही एक व्यवहार आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२००५ साली दापोली तालुक्यातील एका गावात आम्ही तिघा मित्रांनी तीन एकर कातळ खरेदी केला. मला भागीदार करून घेण्याचे कारण माझी व्यवहारबुद्धी नव्हते. वडिलांमुळे माझे नाव सातबाऱ्यावर होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी शेतकरी होतो. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, हा त्यामागचा हेतू. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून अग्रलेख लिहिणारा मी त्या हेतूत कितपत बसत होतो, हे आपणच ठरवा.

जमीन विकणारे चार भाऊ होते. खाते सामाईक. तिघे मुंबईत, आणि थोरले गावी एकटे. सगळ्यांच्या सह्या मिळवता मिळवता पाच महिने गेले. एकरी दीड लाख रुपये ठरले. खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर थोरल्या भावाने मला एकच प्रश्न विचारला, “कलमे लावणार ना?” मी म्हटले, “लावणार.”

आणि आम्ही ती खरोखर लावली. साठ हापूस कलमे. कातळात सुरुंगाने खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली. भोवती चिऱ्यांचा गडगा घातला, जेसीबीने सपाटी केली, बोअरवेल खोदली, रस्ता काढला, बिनशेती परवानगी मिळविली. बिनशेती झालेला भूखंड कोणालाही घेता येतो, तेथे सातबारा कोणी विचारत नाही. तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. रस्ते आणि नियमाने सोडावी लागणारी मोकळी जागा वगळता शहाण्णव गुंठे उरले. त्यांचे आठ-आठ गुंठ्यांचे बारा भूखंड पाडले आणि २००८ पर्यंत गुंठ्याला चाळीस हजारांप्रमाणे विकले. साडेअडतीस लाखांना थोडे कमी आले. जमिनीचे साडेचार लाख आणि सुधारणेचे नऊ लाख वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला आठ लाखांहून थोडे अधिक. पुण्यातील माझ्या घराच्या कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला. यात बेकायदा काहीही नव्हते.

एकराने घ्यायचे आणि गुंठ्याने विकायचे, एवढाच या धंद्याचा गाभा आहे. मधल्या काळात जे घडते त्याला आपण ‘डेव्हलपमेंट’ म्हणतो. या शब्दापाशी थोडे थांबू या.

आमच्या कातळाच्या पलीकडच्या उतारावर एका शेतकऱ्याची बाग आहे. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना १९९० साली आली, तेव्हा त्याने कलमे लावली. खड्डे त्यानेही सुरुंगानेच पाडले, मातीही बाहेरूनच आणली. फरक एवढाच, की हापूसचे कलम भरवशाचे उत्पन्न देऊ लागेपर्यंत सात-आठ वर्षे जातात, आणि ती वर्षे तो तेथे होता. उन्हाळ्यात कावडीने पाणी घालीत होता. आमची कलमे माहितीपत्रकातील छायाचित्रापुरती जगली. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायला कोणी नव्हते, कारण तोवर भूखंड विकले गेले होते आणि नवे मालक ठाण्यात, डोंबिवलीत होते. पुढचा गिऱ्हाईक आलाच नाही, तर उद्या या सुधारणेचे मोल काय? हा प्रश्न त्याच्या बागेला विचारला, तर उत्तर पेटीत भरून मिळते. आमच्या गडग्याला विचारला, तर उत्तर नाही.

कातळाविषयीही आपले अज्ञान मोठे. महसुली दप्तराच्या लेखी तो पोटखराबा, गवतापलीकडे काही न पिकणारा. याच सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, तेव्हा कुठे शहरी मंडळींच्या नजरेत तो भरला. गावाला मात्र त्याचे मोल फार पूर्वीपासून ठाऊक होते. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून, विहिरींतून ते सोडतो. आमच्या जमिनीखालच्या वाडीची विहीर पूर्वी मेअखेर पुरत असे. आता एप्रिलातच तळ दिसतो. आमच्या बोअरवेलमुळेच तसे झाले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तसे झाले नाही, असेही सांगू शकत नाही.

महाराष्ट्राला जमीन हातची जाण्याचे दुःख नवे नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि चार वर्षांनी इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तेथे सावकार समोर दिसत होता. आज विकणारा राजीखुशीने विकतो, घेणारा धनादेश देतो, आणि रोखा जाळावा असा कोणी समोर नसतो. म्हणूनच यावर बोलणे अवघड जाते.

मग विकूच नये का? मी तसे म्हणणार नाही. मुलीचे शिक्षण, आजारपण, शहरात डोक्यावर छप्पर, ही कारणे खोटी नसतात. शिवाय चार भावांच्या सामाईक पडीक जमिनीने कोणाचेच पोट भरत नाही. पण विकणाऱ्याने खरेदीखतात पायवाट आणि पाणी यांची नोंद आग्रहाने करून घ्यावी. आमच्या खरेदीखतात त्याबद्दल एक अक्षर नव्हते, आणि ते नसणे आमच्या फायद्याचे आहे हे मला तेव्हा कळत होते. गावांनीही एकत्र बसून विचार करावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी बोअरवेल नको, ऊस-केळी नको असे ठरविले. त्याचबरोबर गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हाही निर्णय केला. पाण्यामुळे जमिनीला भाव येणार हे त्यांनी ओळखले होते. तो भाव ज्यांनी श्रमदान केले त्यांच्याकडेच राहावा, यासाठी तो निर्णय होता.

२०१९ साली मी त्या गावी पुन्हा गेलो. बारापैकी दोन भूखंडांवर घरे उभी होती, तीही वर्षातून आठवडाभर उघडणारी. बाकीच्यांना तारेची कुंपणे. सड्यावरून शाळेकडे जाणारी जुनी पाखाडी त्या कुंपणांत अडकली होती आणि मुले डांबरी रस्त्याने मोठा वळसा घेऊन जात होती. थोरले भाऊ अंगणात बसले होते. त्यांनी ओळखले, चहा दिला. कलमांचा विषय त्यांनी काढला नाही.

नकाशातील ती मोकळी जागा अद्याप आम्हा तिघांच्या नावावर आहे. तिच्यातून वाट काढून दिली, तर पाखाडी पुन्हा शाळेच्या रस्त्याला मिळते. तसे संमतिपत्र मी तयार केले आहे. दोघांच्या सह्या झाल्या. तिसऱ्या मित्राला फोन केला, तेव्हा त्याने कागद पाठव म्हणून सांगितले आणि मग विचारले, “सध्या तिकडे गुंठ्याचा भाव काय चालला आहे रे?”