पूंडीच्या तळाशी कुणाचं शेत?

चेन्नईची तहान भागवणारा पूंडी जलाशय 1944 साली कोसस्थलैयार नदीवर झाला. पुढे तेलुगू गंगा योजनेतून कृष्णेचं पाणीही तिथं आलं. त्यासाठी महाराष्ट्रानं आपल्या वाट्याचं 5 टीएमसी सोडायचं कबूल केलंय, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नसतं!

पण अशा धरणात पाण्यामागून शेतांतली मातीही येते. ती किती, याचा अंदाज पाऊस, मातीचा प्रकार, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांच्या आकड्यांचा गुणाकार करून बांधतात. पाऊस आपल्या हातात नाही; उतार मात्र बांध घालून तोडता येतो. नांगरट, पेरणी उताराला आडवी करा, बांधावर वाळा लावा. आणि पावसात शेताबाहेर पडणारं गढूळ पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी बसतो तो बारीक, कसदार थर. काही खतही त्यालाच चिकटून जातं.