कोपऱ्यातला नकाशा

पडद्यावरील खेळात गढून गेलेल्या मुलाच्या डोळ्यांकडे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? समोर डोंगर, नद्या, पडके वाडे यांची विस्तीर्ण सृष्टी पसरलेली असते. पण त्याची दृष्टी दर दोन-चार क्षणांनी पडद्याच्या एका कोपऱ्याकडे धाव घेते. त्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा एक नकाशा असतो. खेळणारे त्याला मिनिमॅप म्हणतात. आपण त्याला लघुनकाशा म्हणू या. वस्तू एवढीशी, परंतु माणसाने जगाकडे कसे पाहावे, हा जुनाच प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

हा लघुनकाशा गरजेतून जन्मला. खेळाचे मैदान पडद्यापेक्षा मोठे झाले, तेव्हा पडद्याबाहेर काय चालले आहे हे खेळणाऱ्याला कळावे कसे, अशी अडचण उभी राहिली. १९८० साली जपानमधील नामको कंपनीने ‘रॅली-एक्स’ हा मोटारींचा खेळ काढला. त्यात पडद्याच्या एका बाजूस साऱ्या मैदानाचे लहानसे चित्र होते. अमेरिकेतील ‘डिफेंडर’ या त्याच सुमाराच्या खेळात ते पडद्याच्या माथ्यावर होते. पुढे मैदाने वाढतच गेली. भारतात २०२१ साली आलेला आणि दिल्ली-नोएडाच्या तरुणांत घरोघर पोहोचलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ घ्या. त्यातील एरंगेल नावाचे मैदान आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद कल्पिलेले आहे. लाल किल्ल्यापासून सफदरजंगाच्या मकबऱ्यापर्यंत सरळ रेषेत मोजले, तर अंतर साधारण एवढेच भरते. एवढा मुलूख तळहाताएवढ्या काचेत हिंडायचा, तर सोबतीला नकाशा हवाच.

या नकाशाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: मी कोठे आहे, माझे तोंड कोणीकडे आहे आणि माझ्या नजरेपलीकडे काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे मोल मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने कुंजपुरा जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने दक्षिणेस बागपतजवळ यमुना ओलांडली. ही वार्ता मराठ्यांच्या छावणीत पोहोचली, तेव्हा शत्रू नदीच्या अलीकडे येऊन दिल्लीची वाट अडवून बसला होता. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय घडले ते सर्वश्रुत आहे. बागपत आणि पानिपत ही दोन्ही स्थळे आज राजधानी क्षेत्रातच मोडतात. पानिपताची कारणे अनेक आहेत; पण नजरेपलीकडची हालचाल वेळेवर न कळणे किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको. खेळातील नकाशावर उमटणारा लाल ठिपका म्हणजे त्या काळच्या जासुदाचेच काम करणारा नवा नोकर होय.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. नकाशाची वरची बाजू नेहमी उत्तरच असावी, की खेळणारा वळेल तसा नकाशानेही वळावे? येथे दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचा दाखला फार उपयोगी पडतो. १९२९ ते १९३३ या काळात रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यावरून ही वर्तुळाकार बाजारपेठ उभी राहिली. चहूकडे सारखेच पांढरे खांब, सारख्याच ओवऱ्या. इमारतींच्या गटांना नावे नाहीत, अक्षरे आहेत. नवखा माणूस अर्धे वर्तुळ फिरला की पूर्व-पश्चिम विसरतो. त्याला उत्तर वर धरलेला नकाशा दिला, तर तो मनातल्या मनात नकाशा फिरवू लागतो, आणि उजवे-डावे यांची गल्लत होते. तोंडाबरोबर फिरणारा नकाशा मात्र त्याला अचूक सांगतो, की पुढच्या वळणावर डावीकडे वळा. म्हणून भरधाव मोटारीच्या खेळात फिरता नकाशा सुखाचा होतो. पण त्या फिरत्या नकाशाची एक उणीव आहे. तो क्षणाचे काम भागवतो, शहर मात्र शिकवीत नाही. प्रत्येक वळणाला ज्याचा आकार पालटतो, ते चित्र मनावर ठसावे कसे? स्थिर नकाशा सुरुवातीला त्रास देतो, पण काही दिवसांनी सारा परिसर मनात उभा करतो. म्हणून दोहोंपैकी एक निवडण्याची मुभा ज्या खेळात असते, तो खेळ शहाण्या माणसांनी केला आहे असे समजावे.

नकाशात काय घालावे यापेक्षा काय गाळावे, हे जाणणे अधिक कठीण. दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी असा सुरू झाला. मेट्रोच्या डब्यात दारावर जी रेषाकृती असते, तिच्यात सर्व स्थानके समान अंतरावर मांडलेली दिसतात. प्रत्यक्षात ती तशी नाहीत. तरी त्या आकृतीला कोणी खोटी म्हणत नाही. कारण प्रवाशाला मैल मोजावयाचे नसतात, उतरावयाचे असते. याउलट अनेक खेळांचे नकाशे दुकाने, खजिने, कामगिऱ्या, शत्रू आणि मित्र अशा शेकडो खुणांनी भरून जातात. जणू उन्हाळ्यात रात्री दिव्याभोवती जमलेले किडेच. जे सर्वच दाखवते, ते काहीच दाखवीत नाही.

दुसरा जाच उंचीचा. राजीव चौक स्थानकात दोन मार्गांच्या गाड्या जमिनीखाली वेगवेगळ्या पातळ्यांवर धावतात. सपाट नकाशावर मात्र तेथे एकच ठिपका असतो. खेळातही असेच घडते. शत्रू शेजारी आहे असे नकाशा सांगतो, खेळणारा खोली धुंडाळतो, आणि शत्रू वरच्या मजल्यावर निवांत बसलेला असतो. ठिपक्याशेजारी वर किंवा खाली रोखलेला एक बाण काढला, तरी हा घोटाळा टळतो.

परंतु सर्वांत मोठी तक्रार याहून खोल आहे. २०१५ साली आलेल्या ‘द विचर ३’ या गाजलेल्या खेळात कोपऱ्यातील नकाशावर ठिपक्यांची वाट उमटते. कलावंतांनी रानावनांची अप्रतिम सृष्टी उभी केली. आणि तिच्यातून घोडा दौडवणाऱ्या अनेकांना आपण त्या ठिपक्यांकडेच पाहत असल्याची खंत वाटू लागली. मग काहींनी नवे उपाय शोधले. २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळात वाट वारा दाखवतो: गवत ज्या दिशेला लवते, तिकडे जावे. तेथे मार्गदर्शन आहे, पण त्यासाठी सृष्टीवरून नजर हटवावी लागत नाही.

हा प्रश्न खेळापुरता राहिलेला नाही. गुरुग्रामच्या उड्डाणपुलांवर मोटार हाकणारा गृहस्थही आता फोनमधील फिरत्या बाणाच्या आज्ञेत असतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतील, स्थळांच्या स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग मागील बाजूस इतरांपेक्षा मोठा असल्याचे संशोधकांना २००० साली आढळले. वाट शोधणे हा बुद्धीचा व्यायाम आहे, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. तो व्यायाम सर्वस्वी यंत्राकडे सोपवावा काय, याचा विचार व्हावा.

म्हणून नकाशाच काढून टाका, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याला ऐकू येत नाही अशा मुलाची गोष्ट लक्षात घ्या. पावलांचा आवाज, बंदुकीचा बार त्याला कळावा कसा? काही खेळ हे आवाज त्याच लघुनकाशावर खुणांनी दाखवतात, आणि तो मुलगा इतरांच्या बरोबरीने मैदानात उतरतो. एकाला जे पांगुळगाडा वाटते, ते दुसऱ्याचे पाय असतात.

तेव्हा कसोटी एवढीच, की नकाशा पाहून झाल्यावर माणसाची मान वर उठते की नाही. ज्या नकाशाकडे एकदा पाहिले की समोरचा रस्ता अधिक स्पष्ट दिसू लागतो, तो चांगला; आणि ज्यामुळे समोरचा रस्ताच दिसेनासा होतो, तो कितीही बिनचूक असला तरी वाईट. आपल्या मुलांच्या हाती पहिल्या जातीचे नकाशे यावेत, आणि ते मिटवून ठेवण्याची कळही त्यांच्याच हाती असावी.