हिस्लॉप आणि त्यांचं कॉलेज

पांढुर्णा-सौंसरची मुलं शिकायला नागपुरात जातात, तिथलं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. ज्यांचं नाव त्याला आहे ते स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप मात्र १८६३ मध्येच वारले होते. मग त्यांना कॉलेजचे संस्थापक कसं म्हणायचं? त्यांनी १८४६ मध्ये, भोसल्यांच्या राज्यात, नागपुरात शाळा काढली. कॉलेज त्याच शाळेतून वाढलं. रोप लावणाऱ्याचं नाव झाडाला, यात वावगं काय?

आक्षेप दुसराच आहे आणि तो खरा आहे: शाळा धर्मप्रसारासाठी होती. पण नुसता धर्मांतराचाच ध्यास असता, तर हा माणूस नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधून गोड्या पाण्यातले शंख कशाला वेचत बसला असता? ज्या लाव्हाचा हा पाषाण झाला, त्याच्या दोन लोटांच्या मधल्या काळात इथे तळी साचली होती, हे ते शंख सांगतात. गोंडांची भाषा, त्यांची गाणी त्यांनी टिपून ठेवली. ती टिपणं ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलनी १८६६ मध्ये छापली. तोवर हिस्लॉप नव्हते. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना, ४ सप्टेंबरच्या रात्री, पुराच्या पाण्यात ते बुडाले.