नगर घडते, तशी माणसेही घडतात
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याची संधी कार्यकारिणीने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. मी साहित्यिक नव्हे, नगररचनाकारही नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने गावोगावी बिऱ्हाड हलवलेला मी एक साधा पदवीधर आहे. म्हणून ज्याच्याशी प्रत्येक नगरवासीयाचा संबंध येतो, असा विषय मी निवडला आहे : शहर घडवताना माणसांचा समूह एकत्र कसा शिकतो?

नगररचना हे केवळ तज्ज्ञांचे शास्त्र आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नकाशा कचेरीत तयार व्हावा, कंत्राटदाराने तो उभा करावा आणि नागरिकाने त्यात निमूटपणे राहावे. तज्ज्ञाचे ज्ञान मोलाचे आहेच. परंतु नळाला पाणी किती वाजता येते, कोणत्या वाटेने रात्री जाण्यास मुली बिचकतात, हे नकाशावर उमटत नाही. हे ज्ञान घरोघरी विखुरलेले असते. ते एकत्र कसे आणावे, याचा धडा आपल्या महाराष्ट्रानेच दिला आहे.

१९८४ साली मुंबईत ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन झाली आणि भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांमध्ये तिने काम आरंभले. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातील निकाल आला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण पदपथावर घर करण्याचा हक्क मानला नाही. डोक्यावरचे छप्पर केव्हा जाईल याचा नेम नव्हता. अशा वेळी या कुटुंबांची गणना झाली आणि सरकारदरबारी अदृश्य असलेली माणसे कागदावर आली. पुढे ‘महिला मिलन’ उभे राहिले. स्त्रियांनी रोज थोडी थोडी बचत केली. साड्या, बांबू यांच्या साहाय्याने घराच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती उभारल्या. खोली चौदा फूट उंच घेतली, तर मध्ये माळा घालून तेवढ्याच जागेत संसार मावतो, ही युक्ती त्यांचीच. प्रतिकृतीत उभे राहिल्यावर जिला अक्षरओळख नाही, तीही वास्तुविशारदाशी मापांविषयी बोलू शकते!

पुण्यात १९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतील सार्वजनिक शौचालयांचे काम स्वयंसेवी संस्थांना खुले केले. दोन-तीन वर्षांत चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली. रांगेत मोठी माणसे लहानग्यांना मागे सारतात, हे आयांना ठाऊक होते. म्हणून मुलांसाठी वेगळी सोय झाली. राखणदारास राहायला खोली दिली, तर स्वच्छता टिकते, हेही अनुभवाने कळले. आठवड्याच्या बैठकीत अधिकारी, अभियंते आणि संस्थांचे कार्यकर्ते समोरासमोर बसत. वस्ती हिशेब शिकली, तशी कचेरीही ऐकायला शिकली. शिकणे दोन्ही बाजूंचे असते, ते असे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या छत्तीसगडमधील अंबिकापुरात २०१५ पासून बचत गटांच्या स्त्रिया दारोदार कचरा गोळा करतात आणि केंद्रावर तो प्रकारवार निवडून विकतात. कोणती वस्तू विकली जाते, कोणती नाही, हे ज्ञान त्यांनी हाताने काम करूनच मिळवले.

या उदाहरणांतून मला तीन गोष्टी दिसतात. समूहाने प्रथम स्वतःला मोजावे. मग लहान प्रमाणात करून पाहावे. आणि जे साधले ते दुसऱ्या वस्तीला दाखवावे. भायखळ्याच्या स्त्रियांचे शिक्षण अशाच भेटीगाठींतून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचले. मात्र एक धोका आहे. अधिकाऱ्याची बदली होते, आणि शिकलेले त्याच्यासोबत निघून जाते. सरकारी नोकर म्हणून मी हे आवर्जून सांगतो : ज्ञान माणसापाशी नव्हे, समूहापाशी राहिले पाहिजे.

येथे आपला संबंध येतो. २००० साली रायपूर राजधानी झाले. पंडरीचे बसस्थानक २०२१ मध्ये भाठागावला गेले. शहर भोवती बदलत आहे, आणि आपण? ‘आम्ही बाहेरचे’ म्हणून गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोगापुरते एकत्र येऊन घरी परतणार काय? वर्गणी, हिशेब, मतभेद आणि समेट यांची पन्नास वर्षांची तालीम या मंडळापाशी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु कायदा जागा देतो, शिकलेली माणसे देत नाही. ती आपण द्यावीत. आपल्या गल्लीतील पाणी, पथदिवे, वृद्धांना चालता येईल अशी वाट, यांची साधी नोंद शेजारच्या छत्तीसगडी, सिंधी, गुजराती कुटुंबांसह या वर्षी करावी, एवढीच माझी विनंती आहे.

ज्या गावात आपली मुले वाढली, ते गाव परके कसे?