काळ्या मातीची मेहनत

१९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. तो काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. घणाने त्याची खडी होते, माती होत नाही. ऊन, पाऊस व मुळे यांच्या युगायुगांच्या मेहनतीने त्याचा आधी मुरूम होतो, मग काळी माती. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. पण पोटात ओल राखते. त्या ओलीवरच मोहोळची मालदांडी ज्वारी पिकते. आम्ही कामगार मेहनतीचा हिशेब मागणारे. ही मेहनत मात्र वळवाच्या एका सरीत ओढ्याला जाते. ज्याचे गावी शेत असेल त्याने आधी बांध घालावा. वाहून गेलेली माती कोणत्याही संपाने परत मिळत नाही.